लठ्ठपणावरील औषधांचे वर्गीकरण नेमके कशाच्या आधारे करावे?

प्रश्न : कोयनाकाठ (कराड)

नमस्कार. मी बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षात शिकते आणि लवकरच मला वर्गासमोर लठ्ठपणावरील औषधांवर सेमिनार द्यायचा आहे. हा विषय मी स्वतः मागून घेतला, कारण सध्या आमच्या भागात वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांविषयी जितके बोलले जाते तितके क्वचितच दुसऱ्या कुठल्या औषधाविषयी बोलले जात असेल. प्रत्यक्ष वाचायला बसले तेव्हा मात्र पहिल्याच पायरीवर, म्हणजे वर्गीकरणावर, गाडी अडली.

आमच्या टिपणांत या औषधांचे दोनच गट केलेले आहेत. मेंदूवर काम करून भूक कमी करणारी औषधे पहिल्या गटात, आणि मेंदूबाहेर, म्हणजे प्रामुख्याने आतड्यात, काम करणारी दुसऱ्या गटात. पहिल्या गटात फेंटरमीन, फेनफ्लुरामीन, सिब्युट्रामीन अशी बरीच नावे आहेत. दुसऱ्यात ऑर्लिस्टॅट जवळजवळ एकटेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची एटीसी यादी, म्हणजे प्रत्येक औषधाला गटवार संकेतांक देणारी यादी, उघडली तर तिथेही ए०८ या शीर्षकाखाली साधारण अशीच विभागणी दिसते. परंतु त्या यादीत लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइड शोधू लागले, तर ती ए०८ मध्ये नाहीतच. ती ए१० मध्ये, मधुमेहाच्या औषधांत आहेत. टिरझेपाटाइडही तिथेच, आणि तेही या दोघांच्या उपगटात नसून 'इतर' म्हणून वेगळे.

माझ्या मामांचे कराडमध्ये मेडिकल आहे आणि सुट्टीच्या दिवशी मी तिथे बसते. तिथे ऑर्लिस्टॅटच्या १२० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल अँटासिडच्या शेजारच्या रॅकवर असतात आणि सेमाग्लुटाइडची पेने फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या कार्ट्रिजलगत. दोन्ही औषधांसाठी येणाऱ्या माणसाची तक्रार मात्र एकच असते.

माझे विचारणे असे, की सेमिनारमध्ये मी सेमाग्लुटाइड कोणत्या गटात लिहावे? ते मेंदूवर काम करणारे मानावे की पोटावर? आणि ज्या यादीला सगळे जग प्रमाण मानते, तिने त्याला लठ्ठपणाच्या गटात जागा का दिलेली नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

उत्तर : कृष्णाघाट (सांगली)

मी सांगलीत बरीच वर्षे औषधशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला. विद्यार्थी सहसा गट पाठ करतात. गट असा का पाडला आहे हे विचारणारे थोडे असतात.

तुमच्या टिपणांतील दोन गटांची विभागणी ज्या काळात झाली त्या काळाला ती शोभणारी होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वजनासाठी मिळणारी बहुतेक औषधे अँफेटामीनच्या घराण्यातील होती. फेंटरमीनला अमेरिकेत १९५९ मध्ये मान्यता मिळाली. ते मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनलिन हे निरोप पोहोचवणारे द्रव्य बाहेर पडायला लावते आणि त्यामुळे भूक मरते. फेनफ्लुरामीन हे सेरोटोनिन या तशाच दुसऱ्या द्रव्याच्या वाटेने तेच साधत असे. सिब्युट्रामीन त्यानंतर आले. ते या दोन्ही द्रव्यांचे पुनर्शोषण रोखत असे. मार्ग वेगळे असले तरी ठिकाण एकच होते, मेंदू, म्हणून 'मध्यवर्ती' हे नाव सर्वांना पुरत असे. मग ऑर्लिस्टॅट आले, अमेरिकेत १९९९ मध्ये. त्याला भुकेशी काही देणेघेणे नाही. ते आतड्यात राहून स्निग्धांश पचवणाऱ्या लायपेज या विकराला बांधून ठेवते, त्यामुळे जेवणातील सुमारे तीस टक्के स्निग्धांश पचतच नाही आणि शौचावाटे निघून जातो. रक्तात ते जवळजवळ उतरत नसल्यामुळे 'परिघीय' हा शब्द त्याला चपखल बसला. अशा रीतीने दोन खण तयार झाले आणि पुढची औषधे येईपर्यंत ते पुरले.

आता एटीसीविषयी, कारण तुमच्या अडचणीचे मूळ तिथे आहे. ही पद्धत ओस्लो येथील केंद्र सांभाळते. ते १९८२ मध्ये स्थापन झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न आहे. औषधांचा वापर देशोदेशी मोजता यावा, एका देशाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडून पाहता यावेत, हा या पद्धतीचा हेतू आहे. मोजणीसाठी एक पथ्य पाळावे लागते, ते म्हणजे एकच औषध दोन ठिकाणी मोजले जाता कामा नये. म्हणून नियम असा आहे, की औषधाचा जो मुख्य उपयोग असेल त्याप्रमाणे त्याला एक संकेतांक द्यायचा. लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइड ही दोन्ही आधी मधुमेहासाठी आली, त्यामुळे त्यांना अनुक्रमे ए१०बीजे०२ आणि ए१०बीजे०६ हे संकेतांक मिळाले. पुढे लिराग्लुटाइडची ३ मिलिग्रॅमची मात्रा २०१४ मध्ये आणि सेमाग्लुटाइडची २.४ मिलिग्रॅमची मात्रा २०२१ मध्ये अमेरिकेत खास वजनासाठी मान्य झाली, वेगळ्या व्यापारी नावांनी बाजारात आली, तरी संकेतांक तेच राहिले. टिरझेपाटाइड हे केवळ जीएलपी-१ या आतड्यातील संप्रेरकाच्या रिसेप्टरवर (पेशीवरील ग्राहक जागेवर) काम करत नाही, जीआयपी या आतड्यातील दुसऱ्या संप्रेरकाच्या रिसेप्टरवरही करते. म्हणून ते जीएलपी-१ सारख्या औषधांच्या बीजे या उपगटात न जाता ए१०बीएक्स१६ म्हणून नोंदले गेले आहे.

या नियमाला अपवाद आहे आणि तो सेमिनारमध्ये अवश्य सांगा. एखाद्या औषधाच्या वेगवेगळ्या मात्रांचे उपयोग स्पष्टपणे वेगळे असतील तर दोन संकेतांक देता येतात. फिनास्टेराइडचे तसेच झाले आहे: ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटच्या वाढीसाठी म्हणून एका गटात आणि १ मिलिग्रॅमची गोळी केस गळण्यासाठी म्हणून त्वचेच्या गटात. सेमाग्लुटाइडला ही सवलत मिळालेली नाही. तिथे मात्रांमधील अंतर कमी आहे, आणि एकाच रुग्णाला मधुमेह व लठ्ठपणा दोन्ही असणे ही तर नित्याची गोष्ट आहे, त्यामुळे ही भूमिका मला व्यक्तिशः समजण्यासारखी वाटते. परंतु तिचा एक परिणाम गंभीर आहे. उद्या कोणी संशोधक केवळ ए०८ या गटाचे आकडे घेऊन लठ्ठपणावरील औषधांचा वापर मोजू लागला, तर आज वजनासाठी सर्वाधिक चर्चेत असलेली औषधे त्याच्या मोजणीतून सरळ गळून पडतील. आणि जो ए१० चे आकडे घेईल त्याला मधुमेहाच्या औषधांची मागणी प्रत्यक्षापेक्षा वाढलेली दिसेल. यादी वापरणाऱ्याला तिचा हेतू माहीत नसेल तर हाती येणारा निष्कर्ष भलताच असेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मेंदू की पोट. जीएलपी-१ हे संप्रेरक आपल्या आतड्याच्या खालच्या भागातील एल पेशी जेवणानंतर स्रवतात. रक्तात ते दोनेक मिनिटांतच अर्धे उरते, कारण डीपीपी-४ नावाचे विकर ते तोडून टाकते. औषध बनवणाऱ्यांनी काय केले, तर या रेणूत थोडे बदल करून त्याला मेदाम्लाची एक शेपटी जोडली. ती शेपटी रक्तातील अल्ब्युमिनला धरून राहते, त्यामुळे रेणू विकराच्या तावडीत सहज सापडत नाही आणि मूत्रपिंडातूनही लवकर निघून जात नाही. लिराग्लुटाइड अशा रीतीने सुमारे १३ तासांनी निम्मे होते, म्हणून रोज टोचावे लागते. सेमाग्लुटाइडला निम्मे व्हायला सुमारे आठवडा लागतो, म्हणून आठवड्यातून एकदा पुरते. शरीरात गेल्यावर हा रेणू स्वादुपिंडाला साखरेच्या प्रमाणात इन्सुलिन सोडायला लावतो, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो, आणि त्याबरोबरच हायपोथॅलॅमस व मस्तिष्कस्तंभातील ज्या भागांत रक्त आणि मेंदू यांमधील पडदा विरळ असतो तिथे पोहोचून तृप्तीची भावना वाढवतो. वजन उतरण्यात या शेवटच्या कामाचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो. म्हणजे आतड्याचे संप्रेरक, टोचायचे त्वचेखाली, आणि काम मुख्यतः मेंदूत. त्याला मध्यवर्ती म्हटले तर स्वादुपिंड व जठर सुटतात, परिघीय म्हटले तर मुख्य कामच सुटते.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की सेमिनारमध्ये ठिकाणावरून गट पाडू नका, क्रियेच्या मार्गावरून पाडा. नॉरअ‍ॅड्रेनलिन व सेरोटोनिनच्या मार्गाने जाणारी औषधे एकत्र घ्या. स्निग्धांशाचे पचन रोखणारे ऑर्लिस्टॅट वेगळे ठेवा. आतड्याच्या संप्रेरकांची नक्कल करणाऱ्यांचा स्वतंत्र गट करा आणि त्यात एका रिसेप्टरवर काम करणारी व दोन रिसेप्टरवर काम करणारी अशी पोटविभागणी करा. कॅनाबिनॉइड रिसेप्टर रोखणारे रिमोनाबँट हे या तिन्हींपैकी कशातच बसत नाही. एटीसीनेही त्याला ए०८एएक्स या 'इतर' उपगटात टाकले होते. एटीसीचा संकेतांक प्रत्येक नावापुढे वेगळ्या रकान्यात द्या, म्हणजे वर्गातील मुलांना विसंगती डोळ्यांनी दिसेल.

उत्तर : मिरज ओपीडी

मी मिरजेत फिजिशियन म्हणून काम करतो. वर सरांनी शास्त्रीय बाजू इतकी नीट मांडली आहे की तिच्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे थोडेच आहे, पण रुग्ण समोर बसलेला असताना आम्ही या औषधांचे जे गट मनात करतो ते वेगळे असतात, आणि तेही तुमच्या सेमिनारमध्ये यावेत असे वाटते.

आमचा पहिला प्रश्न असतो, औषध थोड्या आठवड्यांसाठी आहे की दीर्घकाळासाठी. अमेरिकेत फेंटरमीनला मिळालेली मान्यता अल्पकाळाची आहे. ऑर्लिस्टॅट, लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड, टिरझेपाटाइड आणि नाल्ट्रेक्सोन-ब्युप्रोपियॉनची जोडगोळी ही दीर्घकाळासाठी मान्य आहेत. हा फरक कागदी वाटेल, पण लठ्ठपणा हा वर्षानुवर्षे चालणारा आजार आहे हे एकदा मान्य केले की त्याचे महत्त्व लक्षात येते. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यानंतर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले. लग्नसराईच्या आधी तीन महिने घेऊन सोडून देऊ, असे म्हणत येणाऱ्यांना मी हे प्रत्येक वेळी सांगतो.

दुसरा प्रश्न परिणामाचा. सेमाग्लुटाइड २.४ मिलिग्रॅमच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरले, आणि ज्यांना औषधाऐवजी नुसते बिनऔषधी इंजेक्शन दिले होते त्यांचे २.४ टक्के. टिरझेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. दोन्ही चाचण्या वेगळ्या होत्या, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून सरळ वजाबाकी करू नये. तरीही जुन्या गोळ्यांच्या तुलनेत ही उडी मोठी आहे. ऑर्लिस्टॅट या बाबतीत बरेच मागे राहते आणि त्याचा उपयोग जेवणावर अवलंबून असतो. ते प्रत्येक मुख्य जेवणाबरोबर, किंवा जेवणानंतर तासाभराच्या आत, घ्यायचे असते. ताटात ज्वारीची भाकरी आणि तेलाशिवाय शिजवलेली पालेभाजी असेल तर रोखायला स्निग्धांशच नसतो, म्हणून ती मात्रा वगळली तरी चालते. उलट शेंगदाण्याचे कूट आणि तेलाची तर्री असलेली आपली कृष्णाकाठची भरली वांगी खाऊन ते घेतले, तर न पचलेले तेल तसेच बाहेर पडते आणि रुग्णाला घराबाहेर पडणे अवघड होते. अ, ड, ई, के या जीवनसत्त्वांचे शोषणही घटते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवावे.

तिसरी विभागणी मी सर्वांत महत्त्वाची मानतो: कोणाला कोणते औषध द्यायचेच नाही. थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग स्वतःला किंवा जवळच्या नात्यात असेल तर सेमाग्लुटाइड आणि टिरझेपाटाइड टाळावे. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल तर फार जपून पावले टाकावीत. गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावे लागते. फिट्स येणाऱ्या रुग्णाला ब्युप्रोपियॉन असलेली जोडगोळी चालत नाही. पोट किंवा मेंदू या विभागणीतून यातले काहीही कळत नाही.

आणि या औषधांचा इतिहास सांगताना बाजारातून गेलेल्यांना वगळू नका. फेनफ्लुरामीनमुळे हृदयाच्या झडपा खराब होत असल्याचे दिसले आणि १९९७ मध्ये ते अमेरिकेतून काढून घेतले गेले. रिमोनाबँटमुळे नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढत असल्याने युरोपात २००८ मध्ये त्याची विक्री थांबली आणि भारताने २००९ मध्ये त्यावर बंदी घातली. सिब्युट्रामीनची चाचणी हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या सुमारे दहा हजार लोकांवर झाली. त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना औषध घेणाऱ्यांत ११.४ टक्के आणि न घेणाऱ्यांत १० टक्के घडल्या. २०१० मध्ये ते युरोप व अमेरिकेतून गेले आणि २०११ मध्ये भारतातही बंद झाले. भूक कमी करणारे लोर्कासेरिन कर्करोगाच्या शंकेमुळे २०२० मध्ये मागे घेतले गेले. 'मध्यवर्ती' म्हणून जो गट तुमच्या टिपणांत भरगच्च दिसतो, त्यातील बरीच नावे आज इतिहासजमा आहेत हे वर्गाला ठामपणे सांगा.

उत्तर : साताऱ्याचा केमिस्ट

पोवई नाक्याजवळ आमचे दुकान आहे. डॉक्टरसाहेबांनी सिब्युट्रामीनचा विषय काढला म्हणून आवर्जून लिहितो.

आमच्याकडे काही गिऱ्हाइके चरबी वितळवणारी पावडर किंवा 'शंभर टक्के वनस्पतीजन्य' कॅप्सूल घेऊन येतात आणि हिच्याबरोबर रक्तदाबाची गोळी चालेल का, असे विचारतात. डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता धड नसतो, परवाना क्रमांक नसतो, घटकांच्या जागी नुसते 'दुर्मीळ जडीबुटी' लिहिलेले असते. अशा मालात सिब्युट्रामीन मिसळलेले सापडल्याचे इशारे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार दिलेले आहेत. एका बाईंना ती पावडर सुरू केल्यापासून छातीत धडधड होत होती आणि झोप उडाली होती. मी त्यांना ती डबी घेऊन तडक डॉक्टरांकडे जायला सांगितले. तेव्हा ताई, तुमच्या तक्त्यात बंदी आलेल्या औषधांना जागा द्या, कारण यादीतून गेलेले औषध दुसऱ्या नावाच्या डबीतून परत येऊ शकते.

दुसरे, कायद्याचे गट. आम्हाला औषध कसे काम करते यापेक्षा ते कोणत्या शेड्यूलमध्ये आहे हे आधी बघावे लागते. भूक मारणाऱ्या जुन्या औषधांचे मूळ असलेले अँफेटामीन, आणि एके काळी वजनासाठीच दिले जाणारे फेनमेट्राझिन, ही दोन्ही आपल्याकडे शेड्यूल एक्समध्ये आहेत. म्हणजे चिठ्ठीच्या दोन प्रती, त्यांपैकी एक आम्ही दोन वर्षे जपून ठेवायची, आणि माल कुलपात. अमेरिकेत फेंटरमीनही नियंत्रित पदार्थांच्या चौथ्या अनुसूचीत आहे. सवय लागण्याची भीती हा या गटांचा आधार आहे.

वजनाच्या इंजेक्शनांना सवयीचा धोका तसा नाही, पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही देत नाही, आणि दोन ते आठ अंश तापमानाची साखळी मोडलेली चालत नाही. तुमच्या मामांनी ती इन्सुलिनच्या शेजारी ठेवली आहेत ती त्यासाठी. एवढेच सांगतो, की पेने फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यालगत ठेवू नयेत. एकदा गोठलेले पेन दिसायला चांगले दिसले तरी फेकून द्यावे लागते.

कोयनाकाठ (कराड)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सरांच्या सूचनेप्रमाणे क्रियेच्या मार्गावरून गट पाडून एटीसीचा रकाना शेजारी घेतला आणि तक्ता एकदम बोलका झाला. डॉक्टरांनी सांगितलेले 'कोणाला देऊ नये' आणि केमिस्ट काकांनी सांगितलेली कायद्याची बाजू असे आणखी दोन रकाने वाढवले आहेत.

तरी दोन ठिकाणी अडखळते आहे. नाल्ट्रेक्सोन हे दारू आणि अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावरचे औषध, ब्युप्रोपियॉन हे नैराश्यावरचे. दोन्ही एकत्र आली की मात्र एटीसीत ए०८एए६२ असा थेट लठ्ठपणाचा संकेतांक मिळतो. मग सेमाग्लुटाइडला तो न मिळण्याचे कारण केवळ 'ते आधी मधुमेहासाठी आले' एवढेच कसे? दुसरे म्हणजे सेटमेलानोटाइड. तेही पेप्टाइड आहे, तेही त्वचेखाली टोचावे लागते, मग त्याला मी संप्रेरकांच्या गटात सेमाग्लुटाइडच्या शेजारी बसवले तर चालेल ना?

आणखी एक विचारायचे राहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सेमाग्लुटाइड, टिरझेपाटाइड वगैरे औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली असे वाचले. मग त्यांचा गट आता बदलेल का?

उत्तर : कृष्णाघाट (सांगली)

पहिला प्रश्न उत्तम आहे. जोडगोळीकडे पाहताना तिचे घटक बाजूला ठेवून ती जोडी म्हणून कशासाठी वापरली जाते ते पाहायचे. नाल्ट्रेक्सोन एकटे असताना व्यसनमुक्तीच्या गटात आहे, ब्युप्रोपियॉन एकटे असताना नैराश्याच्या गटात. परंतु ठरावीक मात्रेत एकत्र बांधलेल्या त्या गोळीचा उपयोग वजनासाठीच होतो. ब्युप्रोपियॉन हायपोथॅलॅमसमधील भूक आवरणाऱ्या पेशींना चेतवते आणि नाल्ट्रेक्सोन त्या पेशींना स्वतःहून लागणारा लगाम सैल करते. म्हणजे मुख्य उपयोग हाच निकष इथेही जसाच्या तसा लागू झाला आहे. सेमाग्लुटाइडच्या बाबतीत तोच निकष मधुमेहाकडे घेऊन जातो, कारण रेणू एकच आहे आणि तो दोन्हीकडे वापरला जातो.

सेटमेलानोटाइडला मात्र सेमाग्लुटाइडच्या शेजारी बसवू नका. पेप्टाइड असणे किंवा टोचावे लागणे हा क्रियेचा मार्ग होत नाही. ते मेंदूतील मेलानोकॉर्टिन-४ या रिसेप्टरवर काम करते. अमेरिकेत २०२० मध्ये ते मान्य झाले तेव्हा पीओएमसी, पीसीएसके-१ किंवा लेप्टिनचा रिसेप्टर यांच्या जनुकांतील दोषामुळे बालपणापासून अनावर भूक लागणाऱ्या फार थोड्या रुग्णांसाठी होते. सर्वसाधारण लठ्ठपणात ते देत नाहीत. त्याचा उपयोग लठ्ठपणासाठी आणि काम मेंदूत असल्यामुळे एटीसीने त्याला ए०८एए१२ हा संकेतांक देऊन मध्यवर्ती औषधांत ठेवले आहे. तुमच्या तक्त्यात त्याला स्वतंत्र ओळ द्या आणि शेजारी 'सर्वसाधारण लठ्ठपणासाठी नाही' असे लिहा. त्याच ओळीखाली मेट्रेलेप्टिनही घेता आले तर पाहा. लेप्टिन हे भूक आवरणारे संप्रेरक म्हणून सर्वांना ठाऊक असते, पण त्यापासून बनवलेले हे औषध, अंगावरची चरबीच नाहीशी होण्याच्या लायपोडिस्ट्रॉफी या आजारात देतात, म्हणून ते ए०८ मध्ये नसून ए१६ मध्ये चयापचयाच्या इतर औषधांत आहे.

अत्यावश्यक यादीविषयी सांगायचे, तर तिच्यामुळे एटीसीचा संकेतांक बदलत नाही. दोन्ही याद्यांचे काम वेगळे आहे. शिवाय नोंद नीट वाचा. ही औषधे तिथे घेतली आहेत ती टाइप-२ मधुमेहाबरोबर हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आणि लठ्ठपणा असलेल्या रुग्णांसाठी. केवळ वजन जास्त आहे म्हणून औषध घेणारा माणूस त्या नोंदीत येत नाही. लठ्ठपणासाठी ही औषधे कशी वापरावीत याबद्दल संघटनेने डिसेंबर २०२५ मध्ये वेगळी मार्गदर्शिका काढली आणि तिच्यातील शिफारसही सशर्त आहे.

फेनफ्लुरामीनपुढचा एटीसीचा रकानाही पुन्हा तपासा. लठ्ठपणाच्या गटातील त्याचा जुना संकेतांक तुम्ही लिहिला असेलच, पण २०२० मध्ये तेच औषध अगदी लहान मात्रेत ड्रॅव्हे सिंड्रोम या बालपणातील अवघड अपस्मारासाठी अमेरिकेत पुन्हा मान्य झाले, आणि आता त्याला एन०३एएक्स२६ हा अपस्माराच्या गटातील संकेतांकही आहे. दोन्ही संकेतांक एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे मात्रा व उपयोग नोंदवा.